चार चौकटींचं कॉमिक: चित्र चुकतंय की विनोद?

पत्र्याखाली

नमस्कार. मी सोलापूरचा, वय २३. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. रात्री जेवणं झाली की साडेदहा ते साडेबारा, घरातले झोपल्यावर, कॉमिक काढतो. आठ महिन्यांत चार चौकटींची ३१ कॉमिक्स टाकली. विषय आमची गल्ली: नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, उन्हाळा, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा), शेजारपाजार. मुख्य पात्रं चार. आई, आजोबा, मी आणि शेजारचे मागावर काम करणारे मामा.

अडचण अशी की लोक म्हणतात, ‘चित्रं भारी’. हसत मात्र कुणी नाही. परवा मामेभावाला शेजारी बसवून दहा कॉमिक्स दाखवली. तो एका ठिकाणी हसला, बाकी नुसता अंगठ्याने पुढे सरकवत गेला. मला ते फार लागलं. रागानं नाही, पण मला खरंच कळायला हवं की नेमकं काय चुकतंय.

तुमच्यासमोर काही ठेवतो.

७ नंबर: रात्री अडीचला पाणी येतं. सगळे धावतात. आजोबा झोपेतच घागर घेऊन रांगेत उभे. शेवटच्या चौकटीत मी म्हणतो, “बघा, आजोबा झोपेतसुद्धा पाणी भरतात!”

१२ नंबर: नळ कोरडा. आई नळाला कान लावून बसलीय. गल्ली गप्प. नळ ‘सूंऽऽ’ करतो. आई उठते. (भाऊ हसला तो इथेच.)

१९ नंबर: मे महिना, ४३ अंश. मी स्कूटरच्या सीटवर भाकरी भाजतो.

२२ नंबर: गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज. यात विनोद कमी आणि चित्र जास्त आहे. मागे सिद्धेश्वर तलावाचा मीच काढलेला फोटो रंग बदलून लावलाय.

२६ नंबर: मामा तेलुगू वळणाचं मराठी बोलतात. “माझी भाऊ आली, माझा बहीण गेला.” यावर चौकटीतले सगळे हसतात.

मी मोबाइलवर बोटानं काढायचो, आता साधा पेन टॅब्लेट घेतलाय. कुठल्याही क्लासला गेलो नाही. शाळेत एलिमेंटरी दिली होती, इंटरमिजिएट राहिली. मनापासून सांगा, कडक सांगितलं तरी चालेल.

जोडाक्षर

मी फक्त अक्षरांबद्दल बोलतो, कारण माझं काम तेच आहे आणि तुझी अर्धी कॉमिक्स मला तिथंच अडवतात.

२२ मध्ये ‘सिद्धेश्वर’ नीट उमटलेलं नाही. ‘द’चा पाय मोडून ‘ध’ वेगळा पडलाय. १५ मध्ये ‘दुसऱ्या’चा ‘ऱ्या’ तुटलाय आणि एका जागी ‘कि’ची वेलांटी अक्षरानंतर आलीय. चूक तुझी नाही. तू ज्या ॲपमध्ये टाइप करतोस त्याला देवनागरी जोडता येत नाही. मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप कर, तिथं जोडाक्षरं नीट बसतात. मग पारदर्शक पीएनजी करून चित्रावर आण. फुकट आहे.

दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजीला चालतं तेवढं आपल्याला चालत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. तुझ्या ९ नंबरमध्ये ‘सूत’चा ऊकार खालच्या ‘मैत्री’च्या मात्रांवर चढलाय आणि मला ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. विनोदाचं वाक्य दोनदा वाचावं लागलं की संपलंच. अक्षराच्या दीडपट तरी अंतर ठेव.

संवादाचे फुगेही बदलून बघ. तू लंबगोल काढतोस. आपल्या ओळीला शिरोरेषेमुळे वरून सपाट कड असते, ती गोलाच्या डोक्याशी भांडते आणि वर रिकामी जागा उरते. कोपरे गोल केलेला पसरट चौकोन काढ, मजकूर लगेच शांत बसेल. फॉन्ट म्हणून ‘कलम’ वापरून पाहा, हातानं लिहिल्यासारखा आहे. आत्ता तू जो जाड मथळ्याचा फॉन्ट घेतलायस तो फ्लेक्सवर शोभतो. तिथं वाचणारा रस्त्याच्या पलीकडून वाचतो, इथं फोन नाकासमोर असतो.

आणि फुगा आधी, चित्र नंतर. तुझ्या ४ नंबरमध्ये उत्तर देणारी आई डावीकडे आणि विचारणारे आजोबा उजवीकडे आहेत. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे उत्तर आधी कळतं आणि प्रश्न मागून येतो.

जुना ग्राफ

बाळ, तुझी ३१ च्या ३१ पाहिली. काल दुपारी आणि आज सकाळी, दोन बैठकांत. मी चित्रकार नाही. ३७ वर्षं चादरीचे ग्राफ काढले, १९७४ पासून. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून नातीनं मोठ्या स्क्रीनवर लावून दिली. मोठं लिहितोय, सावकाश वाच.

जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या, कामात ग्राफच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा. तो भरला की पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोक पडतं, भोक असलं की हूक उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतो. नाही तर खाली राहतो. मधलं काही नसतं. अर्धा धागा उचलता येत नाही. त्यामुळे मोर काढायचा तर तो मोर कशामुळे मोर आहे हे आधी ठरवावं लागतं. मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मोराच्या तुऱ्याला एक-एक चौकोनाच्या रेघा दिल्या. कागदावर सुंदर दिसत होत्या. आमच्या जॉबरनी (मुकादमांनी) तो कागद भिंतीला टाचणीनं लावला, मला दारापाशी नेऊन उभं केलं आणि विचारलं, “तुरा दिसतो का?” दिसत नव्हता. मग त्यांनी तुऱ्याच्या तीनच काड्या ठेवायला लावल्या, प्रत्येक तीन चौकोन जाड, टोकाला गोळा. तो मोर पुढं बरीच वर्षं विणला गेला.

तुझी चित्रं मी नातीला टपाल तिकिटाएवढी लहान करायला सांगितली. १२ नंबर तेवढ्यातही कळलं: एक बाई, एक नळ, वाकलेली मान. ७ नंबरमध्ये काहीच कळलं नाही. नऊ माणसं, अकरा घागरी, दोन पाइप, विजेचा खांब, मांजर. झोपलेले आजोबा त्यातले एक. ज्याच्यावर हसायचं तो माणूस गर्दीत हरवला. तुझी रेघही सगळीकडे तारेसारखी एकाच जाडीची आहे. आजोबांची कड जाड कर, मागच्या माणसांची बारीक. त्यांचे डोळे मिटलेले आहेत हे दाखवायला चेहरा मोठा हवा, नाही तर मान तरी छातीवर पडलेली हवी. झोप मानेत असते. माझे वडील रात्रपाळीहून येऊन जेवताना झोपायचे, घास हातात तसाच, हात पडायचा नाही, मान पडायची. तू आजोबांना ताठ उभं केलंयस आणि नाकासमोर ‘झ झ झ’ लिहिलंयस.

आता विनोद. ७ मध्ये चौथ्या चौकटीत तू स्वतः येऊन सांगतोस की आजोबा झोपेतही पाणी भरतात. अरे, ते तर तिसऱ्या चौकटीत दिसलं होतं! वाचणारा हसायला तोंड उघडतो आणि तू त्याच्या तोंडात वाक्य घालतोस. असं तुझ्या ३१ पैकी २२ ठिकाणी झालंय, मी मोजलं. चौथी चौकट म्हणजे आधीच्या तिन्हींचं स्पष्टीकरण, असा तुझा समज झालेला दिसतो. ती चौकट झाकून बघ. ७ नंबरमध्ये मी हातानं झाकली आणि मला हसू आलं. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं जुन्या दिवाळी अंकांत बघ, त्यांत शब्दच नसतात. आर. के. लक्ष्मणांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस नुसता बघत उभा असतो, त्याच्या तोंडी शब्द नाही. तुझ्या आजोबांना तसं गप्प ठेवता येईल. ते तुझं सगळ्यात चांगलं पात्र आहे आणि तू त्यांना फार बोलायला लावतोस.

१२ नंबर का जमलं ते सांगतो. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, ती ऐकायला बाई कान लावते, आणि त्या वेळेला गल्लीत कुणी बोललं तर त्याला गप्प करतात. हे तू पाहिलंयस. पहिल्या चौकटीत आईनं पदर कमरेला खोचलाय, तिसरीत नळ आणि कान एवढंच. शेवटी ती उठते, पण पाणी तू दाखवत नाहीस. मी माझ्या घरातली घागर सरकल्याचा आवाज ऐकला, खरं सांगतो.

१९ नंबर मात्र काढून टाक. गरम सीटवर पोळी, गरम पत्र्यावर अंडं, हे साऱ्या देशातल्या उन्हाळ्याचं चित्र आहे, सोलापूरचं नाही. तू ते टेबलापाशी बसून सुचवलंस, डोळ्यांनी पाहिलं नाहीस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी झाली की सूत जास्त तुटतं, मामांना दर थोड्या वेळानं माग थांबवून गाठ मारावी लागते. रात्री पत्रा तापलेला म्हणून माणसं गच्चीवर झोपतात आणि पहाटे गार वारा सुटला की त्याच उन्हाळ्यात चादर ओढून घेतात. एका चादरीत दोन भाऊ असले की ती कुणीकडे जाते, हे तुझ्या घरात घडत नाही का? चार चौकटी वरून काढ, गच्ची वरून पाहिल्यासारखी. चादर एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी दोघं उघडे आणि चादर आजोबांकडे. आणि चादरीवरची नक्षी दर चौकटीत तीच ठेव रे, तू ६ आणि १४ मध्ये एकाच चादरीला दोन वेगळ्या किनारी दिल्यास. दुमडलेली बाजू दिसली तर तिथे रंग उलटे व्हायला हवेत, जमिनीचा (नक्षीमागच्या कापडाचा) रंग नक्षीला आणि नक्षीचा जमिनीला. आपली चादर दोन्ही बाजूंनी पांघरायची असते.

२२ बद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण तिथं तुझा जीव दिसतो. नंदीध्वज उभा असतो. एक माणूस ती उंच काठी तोलून चालतो, बाकीचे त्याच्याकडे मान वर करून बघतात. सातही नंदीध्वजांची ताकद त्या उंचीत आहे. तू आडवी चौकट घेतलीस, त्यामुळे वरचा अर्धा भाग कापला गेला आणि उरली नुसती बांबू धरलेली माणसं. चौकट उभी कर. खाली माणूस लहान, वर काठी चौकटीच्या टोकापर्यंत. फोनवर बोटानं वर सरकवत जावं लागलं तरी चालेल, उलट त्यानं उंची कळेल. दुसरं, सगळे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत आणि तुझी मागची जमीनही जवळजवळ पांढरी. माणसं विरघळून गेलीत. पांढऱ्याला मागे गडद लागतं, हे चादरीच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. संध्याकाळ घे, नाही तर मागे गर्दीचा एकच गडद पट्टा काढ, डोकी मोजू नकोस.

तलावाचा फोटो मात्र काढ तिथून. फोटोत पाणी वरून पाहिलेलं आहे, माणसं तू समोरून काढलीस. दोघांची नजरेची रेघ जुळत नाही म्हणून माणसं तरंगतात. पाण्याच्या तीन आडव्या रेघा आणि मंदिराची बाह्यरेषा पुरे. तुला ती जमते, ३० नंबरमध्ये कोपऱ्यात काढलीयस.

आणि हात. ३१ कॉमिक्समध्ये तू बहुतेक सगळे हात लपवलेस. खिशात, घागरीमागे, पदराखाली. पाणी भरणाऱ्या माणसांचे हात लपवून पाण्याचं चित्र होत नाही. रोज आईचे दोन हात काढ, ती भाकरी थापते तेव्हा.

पूर्वभाग

ग्राफवाल्या आजोबांनी २६ बद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी पद्मशाली, घरात तेलुगू. बाबा ४० वर्षं मागावर होते, आई विड्या वळायची.

दादा, ते कॉमिक पाहून मला वाईट वाटलं. ‘माझी भाऊ आली’ हे माझे बाबा खरंच बोलतात, तू खोटं काढलेलं नाहीस. पण तू मामांना एवढंच दिलंस. ३१ कॉमिक्समध्ये ते ११ वेळा येतात आणि ११ ही वेळा मराठी चुकवायला येतात. बाकी सगळ्यांना घर आहे, स्वभाव आहे. मामांना फक्त चूक.

माझे बाबा सूत मोजतात तेलुगूत. दुकानदाराशी वाद घालतात मराठीत. भाजीवाली अव्वा कन्नड बोलते, तिच्याशी कन्नडमध्ये भाव करतात आणि तो कमीही करून घेतात. शेजारी नमाजाहून आलेल्या चाचांशी हिंदी. हे सगळं सकाळच्या अर्ध्या तासात, चहा हातात असताना. तुझ्या गल्लीत असं एकच माणूस नसणार, निम्मी गल्ली अशी असेल. त्यात खूप हसण्यासारखं आहे आणि त्या हसण्यात बाबाही सामील होतील. पाण्याच्या रांगेत कुणी मोटार लावली की बाबा त्याला तेलुगूत ओरडतात, तो मराठीत उत्तर देतो, दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतं आणि तरी दोघं म्हणतात, “काय बोललालाय कळंना.” हे मी स्वतः पाहिलंय.

शिवाय तुझे मामा दरवेळी डावीकडे तोंड करूनच का उभे असतात? आणि मागावर काम करणाऱ्या माणसाला तू एकदाही मागापाशी दाखवलं नाहीस. माग तिथं धडधडत असतो, मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून बाबा घरातही मोठ्यानं बोलतात. ते तुझ्या फुग्यातल्या अक्षरांच्या आकारात दिसू दे.

पत्र्याखाली

सगळ्यांना एकदम उत्तर देतोय. काल रात्री झोप लागली नाही, पण वाईट वाटून नाही. मी सगळ्या चौथ्या चौकटी झाकून पाहिल्या. आजोबा, तुम्ही २२ म्हणालात, मला २४ सापडल्या.

अक्का, माफ करा. मी मामांना रोज भेटतो. लहानपणी त्यांनीच मला सायकल शिकवली. हे मी एकदाही काढलं नाही. २६ आज काढून टाकलं.

जोडाक्षरदादा, इंकस्केप घेतलं. ‘सिद्धेश्वर’ नीट आलं. बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसलो.

एक शंका राहते. फुगा काढून टाकला तर माझी भीती अशी की वाचणाऱ्याला कळणारच नाही. दुकानात गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, अजून मोठं लिहा, अजून स्पष्ट लिहा, फोन नंबर दोनदा टाका. दिवसभर तेच करतो. रात्री तो हात कसा सोडायचा?

जुना ग्राफ

एका माणसाला दाखव आणि तोंड बंद ठेव. त्याला कळलं नाही तर शब्द घालू नकोस, चित्र बदल. आईला दाखव आधी, ती रांगेत उभी असते, तिला सगळ्यात आधी कळेल. तिलाही कळलं नाही तर चौकटीत काहीतरी चुकीच्या जागी आहे, ते शोध. दुकानातला हात दुकानाचा, त्याच्यावर तुझं घर चालतं, त्याला दोष देऊ नकोस. रात्री दुसरा कागद घे आणि पहिली पंधरा मिनिटं नुसते हात काढ, म्हणजे तो हात निवळेल.

पत्र्याखाली

आठ दिवसांनी येतोय. २६ नव्यानं काढलं, खाली जोडलंय. पहिली चौकट: रात्र, रांग, मामा घागर घेऊन. दुसरी: कुठूनतरी मोटारीचा आवाज, सगळ्या माना एकाच घराकडे. तिसरी: मामा मोठ्या अक्षरांत, “नीळ्ळु वच्चिनया?” म्हणजे पाणी आलं का, एवढं साधंच विचारतायत, पण सगळी गल्ली घाबरून मागे सरकलीय. चौथीत कुणी बोलत नाही. त्या घराच्या खिडकीतून एक हात बाहेर आलाय आणि मोटारीची वायर काढतोय. त्या हातासाठी चार रात्री गेल्या. आईला दाखवलं, काही बोललो नाही. ती हसली आणि म्हणाली, “हे त्या कोपऱ्यातल्या घराचं आहे ना?” तेच होतं.

अक्का, तेलुगू बरोबर लिहिलंय का, तेवढं तपासा.

पूर्वभाग

बरोबर आहे, आम्ही असंच बोलतो. बाबांना दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी चष्मा आणायला सांगितला, मग फोन हातात घेऊन बराच वेळ तिसरी चौकट बघत होते, मग हसले, अगदी पोट धरून. नंतर म्हणाले, अंगात शर्ट नको, रात्री अडीचला शर्ट कोण घालतो, बनियन काढ. आणि खांद्यावर टॉवेल पाहिजे. टॉवेल राहिला.